गेटजवळच्या टाकीतले मासे

हॅलो? … हां आई, बोल. … हो गं, कधीच पोचले कारखान्यात. गेटवरच्या काकांनी सोडलं आत. म्हणाले, “माळीबुवांची थोरली ना? केवढी झालीस!” … आई, अगं ऐक ना, ऐक ना आधी! बाबांचा ताप उतरला का? … मग उठव त्यांना. … अगं झोपले असले तरी उठव! मासे कसंतरी करतायत. … कसंतरी म्हणजे कसंतरीच! सगळे वर आलेत, तोंडं पाण्याबाहेर काढून नुसते आ वासतायत. … भूक नाही गं, खाणं टाकलं मी, शिवलेसुद्धा नाहीत. … आई, प्रश्न नंतर. बाबांना दे!

…

हॅलो बाबा? बरं वाटतंय का? … हो, हो, सांगते. तुम्ही सांगितलंत तसंच केलं सगळं. निम्मं पाणी काढलं, शेवाळ खरवडलं, काच पुसली. प्रदूषणाचे तपासणीवाले येणार आहेत म्हणून टाकीवरची पाटीसुद्धा ओल्या फडक्याने पुसली, एकदम चकाचक. मग पाणी भरलं आणि… बाबा, बटाट्या आडवा झालाय. … बटाट्या हो, तुमचा लाडका, जाडा नारिंगी. एका कुशीवर तरंगतोय. कल्ले हलतायत अजून.

… कुठलं पाणी म्हणजे?

… अहो तेच, पाइपचं. भिंतीलगतचा निळा पाइप, मोठा कॉक आहे तो. शुद्ध केलेल्या पाण्याचा. दुसरं कुठलं भरणार?

… बाबा? … ओरडताय कशाला?

… अहो, पण पाटीवर लिहिलंय! एवढ्या मोठ्या अक्षरांत! ‘हे मासे आमच्या कारखान्यात शुद्ध केलेल्या सांडपाण्यात राहतात.’ आत्ताच पुसली ना मी! म्हणून त्याच पाण्याचा कॉक उघडला. केवढा जाम होता, दोन्ही हातांनी लटकले तेव्हा फिरला. म्हटलं, बाबा रोज कसा फिरवतात कोण जाणे.

… काय? … कँटीनच्या नळाचं? … रबरी नळी लावून? … दर वेळी?

… थांबा. दर वेळी?

… नाही, ऐकतेय मी. बादल्या. हो. कँटीनच्या मागच्या नळावर भरायच्या, मासे त्यांत टाकायचे. … करते, करते, पण तुम्ही फोन ठेवू नका. … काका! अहो गेटवाले काका, ही बादली त्या नळाखाली धरता का जरा? … पटकन हो! … धरतायत बाबा, चांगले आहेत ते. … जाळी कुठंय? … खताच्या पोत्यामागे… हां, सापडली. … हळूच, हो. डोक्याकडून. … ये, ये राजा, ये ना रे… आला! बटाट्या आला!

… बाबा, याचं अंग कसलं बुळबुळीत लागतंय. दुधावरची साय हातात धरल्यासारखं. … वास? येतोय ना. ऑइलपेंटचा डबा उघडल्यावर येतो तसा. मला वाटलं, शुद्ध करायचं औषध असेल. … हातही चुरचुरतायत. … धुते नंतर. … अहो धुते म्हटलं ना! आधी हे होऊ देत.

… दुसराही आला. … बाबा, तो छोटा काळा… तो गेला. … हो, नक्की. तळाशी पडलाय. जाळीने ढोसलं तरी हलत नाही.

…

बाबा, एक विचारू? … काम थांबवलेलं नाही, मान वाकडी करून चाललंय सगळं. नदीवरून आलं की आपल्या धाकट्या छकुलीचे पाय असेच चुरचुरायचे ना? लाल चट्टे यायचे. आई कसली कसली मलमं लावत बसायची. मग तुम्ही तिला नदीच बंद केलीत. मी केवढी भांडले तिच्या बाजूने! तुम्ही म्हणालात, पाणी खोल आहे. … खोल कुठंय हो? तिच्या गुडघ्याएवढं तर आहे तिथं.

… बाबा, तुम्हाला माहीत होतं.

… रडत नाहीये. वास झोंबतोय डोळ्यांना.

… नाही, आता माझं ऐका. मी वर्गात काय करून ठेवलंय माहितीये? माझ्या बाकावर ती मासे धरणाऱ्या काकांची मुलगी बसायची ना, ती उठून म्हणाली, कारखान्याच्या पाण्याने नदी मारली, आमच्या जाळ्यात हल्ली मेलेलेच मासे येतात. आणि मी ताडकन उभी! जन्मात पहिल्यांदा न अडखळता बोलले. म्हटलं, माझ्या बाबांचे मासे त्याच पाण्यात मजेत पोहतात, हिंमत असेल तर ये आणि बघ. टाळ्या पडल्या, बाबा! बाई म्हणाल्या, अगं, तू तर वक्ता निघालीस. तेव्हापासून मी कुठंही बोलते, कुण्णाला घाबरत नाही. … आणि ती आता मागच्या बाकावर एकटी बसते.

… हो. … बोला, ऐकतेय. … साहेबांनीच सांगितलं होतं, हो. … तुम्ही नाही म्हटलं असतंत तर दुसरा माळी आणला असता. … आपली खोलीही कारखान्याचीच, माहितीये मला. … अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? कळतं मला.

… थांबा, थांबा. हॉर्न वाजला. … गाडी आलीये. काका बादली तिथंच ठेवून पळाले गेटकडे! बाबा, तपासणीवाले आले! दुपारी येणार होते ना? … एक मॅडम आहेत, आणखी दोघं आहेत. मोठे साहेब त्यांच्यापुढे चालतायत, हसत हसत, हात थेट टाकीकडे करून.

… बूच? कुठलं बूच? … एवढी टाकी रिकामी व्हायला वेळ नाही का लागणार? ते आलेच! … मग काय सांगू? … ‘टाकी धुवायला काढलीये, हे राहिलेलं खराब पाणी आहे.’ बरं. … आणि तळाशी काळा दिसतोय त्याचं काय? … कुठं? … खिशात? बाबा! मेलेला मासा खिशात घालू?

… घालते. तुम्ही म्हणत असाल तर घालते. नोकरी जाईल, खोली जाईल, सगळं कळतंय. असं काही बोलेन की त्यांना शंकासुद्धा येणार नाही. बोलता येतं आता मला. … फक्त एवढं सांगा. घरी गेल्यावर छकुली पुन्हा नदीचं विचारेल. तिला काय, पाणी खोल आहे म्हणूनच सांगू?

…

हॅलो? … बाबा? … आहात ना?

… नमस्कार साहेब. … माळीबुवांची मुलगी. त्यांना ताप आहे. … हो साहेब, टाकी धुवायला… अहो मॅडम, हात नका घालू त्यात! चुरचुरतं!

… बाबा, सॉरी. तोंडातून निघून गेलं. पण त्यांनी बाहीच वर केली हो, कोपरापर्यंत हात घालत होत्या…

… आता सगळे माझ्याकडे बघतायत. साहेबांचं हसू कुठल्या कुठे गेलं. मॅडम विचारतायत, हे पाणी कुठलं आणि मासे बादलीत का. … काय? … नीट ऐकू नाही आलं, परत बोला. … फोन देऊ? साहेबांना? … मॅडमना?

… तुम्ही सांगणार? रबरी नळीचंही? … बाबा, तापात बोलत नाही ना तुम्ही? … आईला विचारलंत? … शेजारीच बसलीये? काय म्हणते? … बरं. … नाही, मी घाबरले नाहीये. तुम्ही? … हां. मीपण, थोडीशी.

… बटाट्या? थांबा, बघते. … सरळ झालाय, बाबा! तळाला चिकटून बसलाय गुपचूप, पण सरळ.

… साहेब, माझा हात सोडा. फोन तुमच्यासाठी नाहीये.

… मॅडम, हा घ्या. माझे बाबा आहेत. ही टाकी तेच भरतात. … थांबा, ओला झालाय, पुसून देते. … बाबा, देतेय हं. जरा मोठ्याने बोला, इथं कारखान्याचा आवाज फार आहे.