पपईचा पावलोवा

नगरच्या दवाखान्यात पंकजा नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

"भीमाबाई, मालक जेवत्यात का आता?"

"औषधानं तोंड आलंय. भाकरी जाईना. मग सुकन्यानं पावलोवा का काय ते केलं."

"सुनंनं?"

"व्हय. अंड्यातलं पांढरं साखर घालून हातानं फेटलं. मी दमले, ती थांबली न्हाई. भांडं उलटं केलं तरी फेस पडंना. मग ओव्हनमधी वाळवलं, वर पिकली पपई ठिवली."

"कडक झालं आसंल."

"वरनं कडक, पर जिभंवर इरघळतंय."

"खाल्लं त्यांनी?"

"पोरानं आपल्या मनानं लगीन केलं, तवापासून ते तिच्याशी बोलत न्हवते. वाटी रिकामी झाल्यावर तिच्याकडं बघून म्हनले, पोरी, आजून हाय का?"