रूथ सिस्टरच्या घरचे गाणारे दिवे

योहान सर, चर्चची मंडळी, गल्लीतले शेजारी, सगळ्यांना माझा सलाम. मी सलीम, लाइटिंगवाला. माइक लावून देणं माझं काम, त्याच्यासमोर उभं राहणं न्हाई. पण रूथ सिस्टर गेल्या, म्हणून आज उभा राहिलोय. सांभाळून घ्या.

रूथ सिस्टरनं उदगीरच्या किती लेकरांना सुया टोचल्या, त्याला हिशेब नाही. आपल्यातलेच कितीतरी जण त्यांच्या हातावर रडलेत. आणि चर्चमध्ये त्या गायच्या, हेही सगळ्यांना ठाऊक. मग हळूहळू त्यांचं ऐकू येणं गेलं. कानातल्या मशीननं बोलणं जरा कळायचं, पण गाणं म्हणजे नुसता खडखडाट. त्या एक ओळ मागं राहायच्या, नाहीतर पुढं जायच्या. एका रविवारी त्यांनी गाणं थांबवलं. त्यांचे मालक, आपले योहान सर, सांगतात, त्यानंतर भाजी चिरतानासुद्धा त्या गुणगुणल्या नाहीत.

मग एक दिवस त्या माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, नाताळसाठी दिव्यांची माळ पाहिजे असंल. त्यांनी विचारलं, "सलीम, गाणं दिसंल असं काही करता येतं का?"

मी म्हणलं, आवाजावर नाचणारे दिवे मिळतात. लावून दिले. दिवे गाण्याला नाचले, रिक्षाच्या हॉर्नला नाचले, कुकरच्या शिटीलाही नाचले. सिस्टर लई हसल्या. मग म्हणाल्या, ही तर नुसती गल्ली दिसून राहिली. गाणं कुठाय?

शोधत गेलो तेव्हा कळलं, कॉम्प्युटरवर गाणं ठेवून कोणत्या शब्दाला कोणती माळ पेटवायची, ते आधीच ठरवता येतं. दुपारी आम्ही त्यांच्या बैठकीत बसायचो. सर कॉम्प्युटरवर गाणं लावून सिस्टरच्या खांद्यावर ताल धरायचे, आणि त्या पडद्यावर खुणा करत जायच्या. बायकांच्या आवाजाला पांढरी माळ, बाप्यांच्या आवाजाला पिवळी, ढोलकीला पायऱ्यांवरची लाल. त्यांचे सवाल संपायचे न्हाईत. दोन आवाज मिसळले तर? गाणारा श्वास घेतो तिथं अंधार ठेवायचा का? मी इतकी लग्नं उजळली, इतकी गाणी वाजवली, पण गाणारा श्वास कुठं घेतो, हे कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी गल्ली भरली. गाणं लागलं, घरभर दिवे पळायला लागले, लोक टाळ्यांनी ताल धरू लागले. मी खुश. सिस्टर मात्र दिवे सोडून लोकांकडं बघत होत्या. त्यांनी हात वर केला. बंद करा.

म्हणाल्या, "लोकांचे हात दिव्यांच्या मागं का पडून राहिलेत?"

आम्हा कानवाल्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. स्पीकर बिनवायरचा होता, त्यातून आवाज जरा उशिरा पोचत होता. मी वायर ओढून जोडली. पुन्हा सुरू केलं. आता हात आणि दिवे एकत्र.

सिस्टर दिव्यांकडं वळल्या. आणि मग त्यांनी तोंड उघडलं. सर, तुम्ही तेव्हा कठडा घट्ट धरला होता, मी पाहिलंय. आवाज खरबरीत झाला होता. सूर कुठं कुठं सुटत होता. पण ताल? एक शब्द मागं न्हाई, एक शब्द पुढं न्हाई. दुसऱ्या कडव्याला चर्चची मंडळी त्यांच्यासोबत गायला लागली.

गाणं संपल्यावर मी जवळ गेलो. त्या ओठ वाचायच्या, म्हणून समोर उभं राहून विचारलं, सिस्टर, काय ऐकू आलं?

"काहीच न्हाई," त्या म्हणाल्या. "पण मागं पडले न्हाई."

तिथून पुढं दर नाताळला त्या गायल्या. शेवटच्या वेळी खुर्चीत बसून गायल्या. परवा सरांनी मला विचारलं, यंदा दिवे लावायचे का? मी म्हणलं, हाव, लावू. सिस्टरनं बसवलेली गाणी आहेत तशीच आहेत. गायला तुम्ही सगळे या.

आता आपण दोन मिनिटं गप्प उभं राहू. मी त्यांना लई गोष्टी विचारल्या, पण त्या ज्या शांततेत राहायच्या, ती आतून कशी असते, हे विचारायचं राहूनच गेलं. चला, उभं राहून बघू.