कॉलरच्या आतला दोरा

माझे नाव व घरचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. तो या जबाबात नको, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. वय ५३ वर्षे, धंदा लाँड्री. दुकान पुलाच्या अलीकडे, वरची वस्ती संपून खालची सुरू होते त्या कोपऱ्यावर. ठाण्यात मी आपणहून आले आहे. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे.

माझ्याकडे दोन्ही वस्त्यांचे कपडे येतात. वरच्यांच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याचा टाका असतो, खालच्यांच्या कॉलरला निळ्या दोऱ्याचा. ही पद्धत माझ्या सासऱ्यांनी पाडली, कारण आमचे कपडे त्यांच्या कपड्यांत भिजवू नका, असे दोन्हीकडचे म्हणणे होते. खरे सांगायचे तर भट्टी पहिल्यापासून एकच. टाका दिसला की गिऱ्हाईक खूश, आपले काय जाते, असे सासरे म्हणत. मीही तीस वर्षे तेच केले. तुम्ही कुठल्या, असे मला येथे विचारण्यात आले. माहेर खालचे, सासर वरचे. माझ्या स्वतःच्या कपड्यांना टाका नाही.

रविवारी भांडण पेटले. बोलण्यावरून किंवा तोंडावळ्यावरून वरचा कोण नि खालचा कोण, हे देवालाही कळायचे नाही. सोमवारी सकाळपासून खालची माणसे पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्याची कॉलर उलटून पाहू लागली. त्यांना हे कोणी सुचवले मला ठाऊक नाही.

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर दुकानात आला. तो वरच्या वस्तीतला. वय अठ्ठावीस, घरी फक्त आई. पुलापलीकडे ड्युटीवर निघाला होता. मी त्याला नको जाऊस म्हटले. टाके घालायला दवाखान्यात दुसरे कोणी नाही, असे तो म्हणाला. तेव्हा मी त्याला अंगातला शर्ट काढायला लावला व खालच्या वस्तीतल्या एका कारकुनाचा इस्त्री केलेला शर्ट दिला. त्याला तो ढगळ होत होता. काकू, यात माझ्यासारखे दोन मावतील, असे म्हणून तो हसला. तरी मी माझ्या हाताने बटणे लावून दिली. आपण फार हुशारी केली असे मला तेव्हा वाटले.

पुलावर दुपारी माणसे बदलली होती, हे मला माहीत नव्हते. आता तेथे वरचे उभे होते. पंधरा-वीस जण, तोंडाला रुमाल बांधलेले. दुकानापासून अंतर साधारण चाळीस पावले. त्यांनी कंपाउंडरची कॉलर उलटली. तो स्वतःचे, वडिलांचे, गल्लीचे नाव सांगत होता. ते मला नीट ऐकू आले. एक जण म्हणाला, "नाव कुणीही सांगतं." मग कंपाउंडरने दुकानाकडे हात केला व म्हणाला, "त्या काकूंना विचारा ना, त्या मला लहानपणापासून ओळखतात."

त्यांच्यातला एक उंच इसम दुकानाशी आला. त्याच्या हातात लोखंडी पाइप होता. "हा कुणाचा?" एवढेच त्याने विचारले. आमचाच म्हणावे, तर मग निळा दोरा कसा, असे तो विचारणार. शर्ट मीच दिला हे कळले असते. मी मला माहीत नाही असे म्हणाले व शटर खाली ओढले. आत इस्त्री तापलेली होती, ती बंद करायचेही सुचले नाही. बाहेरचा आवाज थांबल्यावर बऱ्याच वेळाने शटर उचलले. पुलावर कोणी नव्हते.

कंपाउंडर अद्याप घरी आलेला नाही. त्याची आई माझ्या दुकानात दोनदा येऊन गेली. शर्टाचे मी तिला सांगितलेले नाही. त्याला शोधताना अंगात खालच्या माणसाचा शर्ट आहे हे पोलिसांना माहीत असावे, म्हणून मी आले. नाहीतर तो सापडूनही त्याच्या आईला कळवले जाणार नाही, याची मला भीती वाटते.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, पण एक वाक्य मी खोटे सांगितले होते, ते खोडावे. त्या इसमाला मी "माहीत नाही" म्हणाले नाही. मी म्हणाले, "दोरा बघा."