खंडेनवमीला पुजलेली कांडी

हॅलो?… गंधालीच. दुसरं कोण उचलणार?… हो, कॉलेजातच, प्रयोगशाळेत… जेवले गं. तूच तर भाकरी-ठेचा बांधून दिल्ता.

आई, एक विचारू? रागावणार न्हाई… खंडेनवमीला बाबांच्या विळ्या-कुदळीशेजारी माझी प्रयोगाची कांडी, ते इलेक्ट्रोड गं, पुजायला ठेवल्ती, तिला काय केलंस?… काय न्हाई कसं? आज यंत्राला जोडली, तर पडद्यावर नुसती आडवी रेघ!

…चिंचेनं घासलीस?… अन् वरून राख? देवाच्या भांड्यांसोबत! अगं माय…

न्हाई, ओरडत न्हाई… चमकली असेल ना, चमकणारच! अगं ऐक ना, टोकावरचं काळं मळ नव्हता. तो थर मीच बसवल्ता, त्याची कृती जमवायला वर्षभर खपून.

कशाला म्हणजे? तुरीच्या डाळीत ट्रिप्टोफॅन असतं… अमिनो आम्ल गं. अंगाला लागतं, पण अंगात तयार होत न्हाई, खाण्यातूनच यावं लागतं… हां, तेच. नुसत्या कांडीला ते धड ओळखता येत न्हाई. थर असला की बराबर ओळखते, अन् रेघेला टेकडी येते. जितकं जास्त, तितकी टेकडी उंच.

हो… उद्याच येणार परीक्षक. हो, पीएचडी त्या थरावरच आहे… आई, रडू नको ना. पुढचं ऐक तरी!

सर कधीचे म्हणून राह्यले, एका थराचं काय कौतुक? तो काढ, नवा दे, तेच उत्तर येतं का बघ. अन् मी टाळून राह्यले. बसलेला थर खरवडायची छातीच होत नव्हती… तू खरवडलास.

दिला ना नवा. सकाळी कांडी मखमलीवर घासून पुन्हा थर दिला… मंग काय, आता डाळीच्या पाण्यात बुडवलीय. थांब, रेघ निघाली…

जरा बोलू नको…

चढून राह्यली… आई, चढतेय!… उतरली. त्याच पाण्याच्या जुन्या रेघेवर ठेवून बघते…

आई… बराबर त्याच जागी. तेवढीच उंच!

…न्हाई गं, आनंदानं रडतेय.

हो, पुढच्या वर्षीही पुजायला आणते. पण हळद-कुंकू कांडीच्या डबीला लावायचं. डबी उघडायची न्हाई, बिलकुल न्हाई… थोडीशी राखसुद्धा न्हाई!

चल, सर आले… काय सांगू म्हणजे? थर काढायची हिंमत कशी झाली विचारलं, तर तुझं नाव सांगते. ठेवते.