रॉक गायकाच्या घशाचा संकल्प

आमच्या ह्यांचं ऐका हं. एका रॉक बँडवर कॉलेजपासून, तीस वर्षांची भक्ती. यंदा तो बँड अबू धाबीत येणार म्हणून इथून कुवेतहून विमानाची तिकिटं काढली, आणि गायकाचा घसाच बसला! ह्यांना जेवण जाईना. मी गणपतीला मोदक बोलले आणि नाशिकच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला.

"कोणासाठी संकल्प? नाव, गोत्र?"

नाव सांगून मी अडले. "गुरुजी, इंग्रज आहे हो तो."

"असू दे. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं."

दारातून हे ओरडले, "काश्यप? आमचंच की! तरीच एवढी माया!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "मग दारात काय उभे? घरचं माणूस आजारी आहे, पाटावर बसा."