डोंग्यातला दिवा

हसायचं नाही हं, आधीच सांगते. कुहीकडं धरणात मासोळी धरायचा आमचा डोंगा, लहान नाव, आहे. त्याचा दिवा कधी लागे, कधी विझे. दिवा बसवून देणाऱ्या मिस्त्रीले मी घाटावर सगळ्यांसमोर चोर म्हटलं, खराब माल लावला म्हणून. त्यानं बॅटरीची पेटी उघडली. तारेच्या जोडावर सडलेलं लिंबू-मिरची! रसानं तार खाल्ली होती.

"काकू, हे कोणं बांधलं?"

गुपचूप मीच बांधलं होतं. नजर लागते म्हणणाऱ्या शेजारणीले रोज झापणारी मी, धरणाच्या पाण्याकडं पाहू लागले.

बाजूले उभे आमचे मालक, म्हणजे घरधनी, म्हणाले, "मी बांधलं गा."

अन् सवयीनं मी त्यायलेच झापलं, "अडाणी कुठले! लिंबानं नजर जाते का?"

घरी येताना लाजेनं मान वर होईना. मालक हळूच म्हणाले, "डोंग्याच्या टोकाले बांधायचं ना वं, बॅटरीले काहून?"