राजवाड्यात कॉनराडबरोबर कोण होतं?

– नाही, सोफ्यावर नको, इथं खुर्चीत बस, उजेडात. बघू दे तुझा चेहरा. नॅटली ना तू? हाऊसकीपिंगला, माझ्या कॉनराडच्या हाताखाली? मग खरं सांग – त्यानं पाठवलं तुला, की आपणहून आलीस? आपणहून! मटिल्डा आंटीची एवढी काळजी एकदम कशी काय वाटायला लागली गं? आणि तो स्पेनला गेला तेव्हा तूही रजेवर होतीस ना? वसईला, आईच्या ऑपरेशनला – हो, तेही ऐकलंय मी. सगळ्यांची उत्तरं कशी तयार असतात!

आता माझं ऐक. एकोणीस वर्षं त्यानं इथं मस्कतला दुसऱ्यांच्या खोल्या लावल्या. आधी रूमबॉय, मग सुपरवायझर. यंदा हॉटेलनं बक्षीस दिलं – स्पेनमध्ये कुणा सरदाराचा चारशे वर्षांचा राजवाडा आहे, पडायला आला होता, तो दुरुस्त करून अकरा खोल्यांचं हॉटेल केलंय – तिथं चार रात्री, दोघांना. हो, दोघांना. विचारलं होतं त्यानं मला. दोनदा विचारलं. मी म्हटलं, आपल्या लेकराची, अ‍ॅश्लीची परीक्षा आहे – परीक्षा कसली, संपली होती केव्हाच. मला गोऱ्यांसमोर काट्या-चमच्यानं जेवायची धास्ती. त्या दगडी जिन्यावरून मी उतरणार, ही अशी, आणि हा खालून बघणार... जाऊ दे, हे तुला कशाला सांगतेय मी!

तर गेला एकटा. एकटा म्हणे! महिन्याभरानं तिथून कार्ड आलं – मिस्टर अँड मिसेस, आपण दोघं आमच्याकडे राहिलात, आभारी आहोत. दोघं! कोपऱ्यावरच्या मल्याळी दुकानदाराकडून फोनचं कार्ड आणलं आणि माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये लावला थेट स्पेनला. विचारलं, त्याच्याबरोबरची बाई दिसायला कशी होती? तिथली फोनवरची पोरगी म्हणते, बाई आम्ही पाहिलीच नाही, साहेब खोलीत कुणाला येऊच देत नव्हते. चारही दिवस दाराला ‘आत येऊ नका’ची पाटी. झाडणारी दाराशी गेली की हा दारातूनच चादरी-टॉवेल घ्यायचा नि दार बंद. आता तूच सांग, आत कुणी नसेल तर माणूस असं करील? त्याला विचारलं तर मान खाली. मी म्हटलं, खलास, नीघ. तेव्हापासून तिकडे माबेलाला दोस्ताकडे, क्लिफर्डकडे पडलाय. सत्तावीस दिवस झाले.

हसतेस काय? – काय? त्यानं स्वतःच घातल्या चादरी? रोज? – बाथरूमही घासलं? राजवाड्यात जाऊन? – दुसरी बाई वाकून आपला बिछाना काढतेय, ते बघवलं नसतं त्याला. पहिल्या दिवशी ती झाडणारी दारात आली, तिच्या गुडघ्याला पट्टा होता, म्हणून... हं. म्हणजे एकोणीस वर्षांनी पाहुणा झाला आणि पाहुण्यासारखं राहता येईना. पण मग मला का नाही सांगितलं? – मी हसले असते, म्हणतो? – हसलेच असते. चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सानंतर चार बायकांत सांगून हसले असते.

पण ते कार्ड? मिसेस कोण मग? – बुकिंग दोघांच्या नावावर होतं... हो. होतं. म्हणजे ती मिसेस मीच गं. माझ्याच नावावर महिनाभर रडतेय मी.

पाणी नको. क्लिफर्डचा नंबरही नको, पाठ आहे मला. पण काय गं, तुला बरं त्यानं हे सगळं सांगितलं? गुडघ्याच्या पट्ट्यापर्यंत? – कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर. बरं. असेल. ऊठ आता. तुझ्यासमोर नाही बोलायची मी माझ्या नवऱ्याशी. नीघ म्हटलं ना! आणि दार ओढून घे.